ग्रेट ओशन रोड की साऊथ आयलंड?

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की आमचा नवरा-बायकोचा ठरलेला वाद: स्थायिक व्हायला ऑस्ट्रेलिया की न्यूझीलंड? आधी गाडीने फिरून बघावं, एवढंच दोघांना पटलंय. गाडी दोन्हीकडे डावीकडूनच, म्हणजे निम्मी भीती तिथेच गेली.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला ग्रेट ओशन रोड साधारण 240 किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो 1919 ते 1932 दरम्यान बांधला. समुद्र खिडकीला लागूनच. पण राहायचं म्हणून नीट बघायचं ते त्याआधीचं जिलाँग शहर. तिथून मेलबर्न रेल्वेने तासाभरावर, आपल्या ठाणे-सीएसएमटीसारखंच.

न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडवर, म्हणजे दक्षिणेकडच्या बेटावर, क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन जवळपास 480 किलोमीटर. टेकापो तळ्याचं दुधी निळं पाणी बघाल तर खोटंच वाटेल. हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ त्यात तरंगतं, त्याचा तो रंग. पुढे 971 मीटर उंचीवर लिंडिस पास ही खिंड, सगळीकडे सोनेरी गवताचे डोंगर. वाटेत एकेरी पूल लागतात, समोरच्यासाठी थांबावं लागतं. (आपल्याला हेच जड जाणार!) क्वीन्सटाउन देखणं, पण घरं फार महाग.

फिरायला साऊथ आयलंडच. राहायला माझं मत जिलाँगला; बायको मात्र अजून टेकापोचेच फोटो बघतेय.