धुळ्यात हॉट टब : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

खानदेशात हॉट टब घेतलेली घरं फारशी नाहीत, त्यामुळे घेण्याआधी विचारायचं कुणाला हीच आमची मोठी अडचण होती. आता देवपुरातल्या आमच्या अंगणात टब बसून एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा झाला. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या गावात गरम पाण्याचा टब कशाला, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

टब घेतला सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशनला त्या तयार नाहीत आणि डॉक्टरांनीही तूर्त व्यायाम आणि शेक यांवरच भर द्यायला सांगितलंय. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची रात्र दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा सकाळी पलंगावरून पाय खाली टाकणंही त्यांना जड जायचं. गरम पाण्याचा गुण त्यांना ठाऊक होता, कारण चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या आणि शहाद्याकडच्या, अशा दोन्ही उनपदेवांना त्या पूर्वीपासून जात. सातपुड्याच्या पायथ्याचे ते गरम झरे खानदेशातल्या जुन्या माणसांना नवे नाहीत. पण धुळ्याहून दोन-अडीच तास गाडीत गुडघे दुमडून बसायचं, थोडा वेळ पाण्यात उतरायचं आणि तसंच दुमडून परत यायचं. घरी पोचेपर्यंत गुडघा होता तसाच. मग पाणीच घरी हवं, हे ठरलं.

हवा भरून फुगवायचा टब सगळ्यात स्वस्त, ऑनलाइन मिळतो आणि घरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. पण त्यात बैठक नसते, तळाशीच बसावं लागतं. गुडघे धरलेल्या माणसाने तिथून उठायचं कसं? शिवाय बुडबुडे सोडले की बाहेरची गार हवा पाण्यात शिरते आणि पाणी निवायला लागतं. गवंड्याकडून टाइल लावून बांधून घ्यायचाही विचार केला. त्यात गळती लागली तर फोडाफोड, आणि उष्णता सगळी भिंतींतून जमिनीत जाते. शेवटी अ‍ॅक्रिलिकचा तयार टब घेतला : चार जणांचा, साधारण ११०० लिटरचा, तीन किलोवॉटचा हीटर, पोटात फोमचा थर आणि वर जाड झाकण. वाहतूक, ओटा, वायरिंग धरून पाच लाखांच्या आत बसला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टब बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. फोटोत आवडलेला टब शोरूममध्ये आमच्या कामाचा निघाला नाही. माझी उंची पाच फूट, सासूबाई माझ्याहून बुटक्या. त्या टबात त्या बसल्या तर टाचा तळाला टेकेनात. रिकाम्या टबात हे फार जाणवत नाही, पण पाणी भरलं की शरीर हलकं होतं, छातीपर्यंतच्या पाण्यात वजन जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं उरतं आणि पाय टेकलेले नसतील तर माणूस बैठकीवरून वर तरंगतो. मग सगळा वेळ काठ धरून ठेवण्यात जातो. पाठीचे जेट (पाण्याचा झोत सोडणारी तोंडं) त्यांच्या मानेवर येत होते आणि मानेचे डोक्याच्या मागे. पाणी हनुवटीला लागलं असतं ते वेगळंच. दुसऱ्या एका टबात कोपऱ्यातली एक बैठक बरीच उंच होती. तिथे बसून त्यांनी दोन्ही तळपाय सपाट टेकवले, हात मोकळे सोडले, जेट कमरेला आले. तोच घेतला. कमीत कमी उंचीचं जे माणूस रोज वापरणार असेल त्यालाच बरोबर न्या, आणि डेमो टब पाण्याने भरलेला असेल तर कपडे नेऊन प्रत्यक्ष पाण्यात बसा. काठाची उंचीही बघा. आमच्या टबाचा काठ कमरेपर्यंत येतो, म्हणून रुंद दोन पायऱ्या आणि धरायला स्टीलची दांडी पहिल्याच दिवशी लावून घेतली.

आता टब बघायला आणि घ्यायला किती लांब जायचं, हा प्रश्न. "इतलं दूर कसाले जानं?" असं सासूबाई म्हणत होत्याच. धुळं दोन महामार्गांच्या चौफुलीवर आहे, त्यामुळे पर्याय चारी बाजूंना. मालेगाव-चांदवडवरून नाशिक साधारण १६० किलोमीटर. साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर करत सुरत सव्वादोनशेच्या आसपास. शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा या रस्त्याने इंदूर अडीचशेच्या वर. मुंबई-पुणे तीनशेच्या पुढे. मॉडेल जास्त बघायला मिळतात ते मोठ्या शहरांतच, म्हणून बसून बघायला आम्ही मुक्कामाच्या तयारीने लांब गेलो आणि ते जाणं पूर्ण वसूल झालं. घेतला मात्र नाशिकहून, आणि तोही लांबच्या शहरातल्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन.

कारण असं की टब बिघडला तर तो उचलून दुकानात नेता येत नाही, मेकॅनिकलाच घरी यावं लागतं. आत पंप आहे, हीटर आहे, कंट्रोल बोर्ड आहे, वीत-वीतभर अंतरावर जोड असलेले पाइप आहेत. यातलं काही ना काही कधीतरी काम मागणारच. म्हणून प्रत्येक दुकानात आम्ही विचारलं : तुमचा मेकॅनिक कुठे राहतो, धुळ्या-जळगावकडे शेवटचा कधी गेला होता, आणि या मॉडेलचा हीटर आत्ता तुमच्याकडे शिल्लक आहे का? तो दाखवा. काही ठिकाणी तिसऱ्या प्रश्नालाच विषय बदलला.

फेब्रुवारीत याचा उपयोग झाला. एके रात्री डिस्प्लेवर पाण्याचा प्रवाह कमी असल्याची खूण आली आणि हीटर बंद पडला. फिल्टर काढून धुतला, तरी तेच. मेकॅनिकने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि पंपाच्या आवाजाचा व्हिडिओ मागवला, प्रवाह ओळखणारा स्विच गेलाय हे तिथूनच ताडलं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो भाग घेऊनच आला आणि दुपारच्या जेवणाआधी टब सुरू. आमच्या ओळखीतल्या जळगावच्या एका घरी बोर्ड गेला होता. त्यांनी टब फार लांबून, स्वस्त म्हणून घेतलेला. बोर्ड येईपर्यंत कित्येक आठवडे गेले, पंप बंद असल्याने पाणी हिरवं पडलं, सगळं सोडून द्यावं लागलं.

जागेबद्दल थोडं. आमच्याकडची जमीन काळी. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या फरशीवर टब ठेवला असता तर वर्षभरात तिरपा झाला असता. काळी माती काढून मुरूम भरला, धुम्मस करून घेतलं आणि वर सळईचं काँक्रीट टाकलं. टब गाडीतून आडवा येत नाही, बाजूवर उभा येतो. म्हणून फाटकाची रुंदी, गल्लीतलं वळण आणि वरच्या तारा आधी मोजा. आमच्याकडे हायड्रा क्रेन आणावी लागली. जुन्या धुळ्यातल्या नंबरच्या गल्ल्यांत ती वळेल का, हे आधी बघून घ्यायला हवं.

गच्चीवर ठेवता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. हिशेब करून बघा : पाणी ११०० किलो, टब अडीचशे, चार माणसं पावणेतीनशे. सोळाशेच्या वर वजन चार चौरस मीटरांवर, म्हणजे चौरस मीटरला चारशे किलो. घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या मानकात वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, गच्चीसाठी १५०. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीचा विचारही करू नये.

विजेचं काम वायरमनकडून नीट करून घ्या, यात काटकसर नको. हीटर आणि पंप एकत्र चालले की वीस अँपिअरच्या आसपास ओढतात. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग हवंच. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं, त्यामुळे त्या खड्ड्यात मार्चपासून अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. मंजूर भार वाढवायचा अर्जही टब येण्याआधीच दिला होता.

खरी मेहनत पाण्याची. आमचं बोअरचं पाणी जड. पहिल्यांदा त्यानेच टब भरला आणि पाणी तापायला लागलं तसं दुधाळ झालं. जड पाणी तापलं आणि जेटमधून घुसळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि विरघळलेला चुना बाहेर पडतो. दोन दिवसांनी काठाशी पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं खरखरीत लागलं. हाच थर हीटरच्या कॉइलवर बसतो. ते पाणी सोडलं, नळाचं साठवून भरलं आणि आता पातळी कमी झाली की नळाच्याच पाण्याची भर घालतो. चुना धरून ठेवणारं औषध आठवड्याला घालतो. पाणी तपासायच्या पट्टीवर रोज क्लोरीन आणि पीएच बघतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस हॉट टबमध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३) आणि पीएच ७ ते ७.८ अशी आहे, आणि ती पाळणं गरजेचं आहे. न्यूमोनिया करणारे लिजिओनेलासारखे जिवाणू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात जोमाने वाढतात आणि वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. नुसतं तापवलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं होत नाही.

आमच्याकडे मालिश केल्याशिवाय गरम पाणी अंगावर घेत नाहीत. तेल लावून टबात उतरलं की फिल्टर दोन दिवसांत चोंदतो आणि पाण्यावर फेस धरतो. म्हणून टबाशेजारीच शॉवर लावलाय, साबणाने अंग धुऊनच आत. मालिश टबातून आल्यावर करायची. सासूबाईंना ते आधी पटलं नव्हतं, आता त्यांना तेच बरं वाटतं.

दुष्काळी भागात एवढं पाणी, ही टोचणी मलाही होती. पाणी साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी बदलतो, म्हणजे वरची भर सोडून दिवसाला दहा-बारा लिटर पडतं. सोडण्याआधी औषध बंद करून झाकण उघडं ठेवतो, पट्टीवर क्लोरीन शून्य आलं की कडुलिंब आणि कण्हेरीला देतो. भाजीला देत नाही.

खर्चाचं गणित असं. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. आमच्या टबाला २० वरून ३८ अंशांवर न्यायला २३ युनिट आणि आठेक तास. म्हणून रोज वापरायचा असेल तर लागेल तेव्हा तापवण्यापेक्षा झाकून कायम गरम ठेवणं सोयीचं पडतं. थंडीत रोजच्या वापराला महिन्याला दोनशे-सव्वादोनशे युनिट वाढले. झाकण नीट बसलं नव्हतं त्या आठवड्यात मीटर जास्त पळाला होता. झाकणाची जाडी आणि कडेची शिवण घेताना हाताने दाबून बघा.

गुण आला का? आला, पण तो काय आहे हे समजून घ्या. झिजलेला गुडघा पाण्याने भरून येत नाही. आखडलेपणा आणि दुखणं काही तास कमी होतं, आणि त्या काही तासांत व्यायाम करता येतो. सासूबाई सकाळी ३८ अंशांत पंधरा मिनिटं बसतात, पाण्यातच पाय लांब-आखूड करतात. पूर्वी देवघरापर्यंत भिंत धरून जायच्या, यंदा थंडीत गल्लीच्या कोपऱ्यावरून स्वतः भाजी आणली. "आते बरं वाटस," एवढंच म्हणाल्या आणि ते मला पुरेसं होतं. त्या बीपीची गोळी घेतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. गरम पाण्यात रक्तदाब उतरतो आणि एकदम उठलं की भोवळ येते. त्यांच्यासोबत कायम कुणीतरी असतं. पाणी ४० अंशांच्या वर कुणीच नेऊ नये. गरोदर बायकांनी टाळावं, आणि मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर चटका कळतच नाही.

उन्हाळ्याने मात्र वेगळाच प्रश्न आणला. एप्रिलअखेरीस हीटर बंद असूनही पाणी ३७ अंशांवर जाऊन बसलं. फोम आणि झाकण उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत आणि फिल्टरचा पंप चालताना स्वतःची उष्णता पाण्यात सोडतो. मग वर हिरवी जाळी बांधली, फिल्टरची वेळ पहाटेची केली, रात्री झाकण उघडं ठेवलं. आपली कोरडी हवा इथे कामी आली. बाष्पीभवनाने पाणी ३०-३१ वर उतरलं, पातळी मात्र रोज बोटभर खाली जायची. मे महिन्यात संध्याकाळी मुलांनी टब सोडला नाही. त्या काळात क्लोरीन लवकर उडतं, तेव्हा पट्टी दोनदा बघावी लागली.

नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ पडेल, शिरपूरकरांना इंदूर, चाळीसगाव-जळगावकरांना छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिक. तिथल्या दुकानांना निघण्याआधी फोन करून मेकॅनिकचा नंबर मागा आणि त्याच्याशी स्वतः बोला. सोबत एक जादा फिल्टर त्याच बिलात लिहून घ्या, कारण तो मागाहून एकटा मागवला की कुरिअरला वेळ लागतो आणि तोवर टब झाकूनच ठेवावा लागतो.