सात महिन्यांनंतर: मेकॅनिकल कीबोर्ड, लिनक्स आणि दोनदा उमटणारा 'ए'

87 बटणांचा, 3,400 रुपयांचा कीबोर्ड. आवाज, दिवे वगैरेंवर सगळ्यांचं लिहून झालंय. मी फक्त इंग्रजी 'ए' (A) या बटणाबद्दल बोलणार आहे.

चौथ्या महिन्यात ते एकदा दाबलं की दोनदा उमटायला लागलं. इंग्रजीत खपून जातं हो, पण मी मराठी आयट्रान्सने लिहितो, म्हणजे इंग्रजी अक्षरं टाइप करायची आणि देवनागरी उमटते. तिथे दुसरा 'ए' म्हणजे काना. 'पत्र पाठवतो'चं 'पात्र पाठवतो' झालं, आणि साहेबांना 'सर'ऐवजी 'सार' गेलं.

आधी उबुंटूलाच, म्हणजे माझ्या लिनक्सलाच, शिव्या घातल्या. की-रिपीट (बटण दाबून धरलं की अक्षर पुन्हा पुन्हा उमटणं) बंद केलं, फरक शून्य. मग बटणांच्या नोंदी दाखवणारं इव्हटेस्ट लावून वेळा पाहिल्या: बटण सुटल्यावर 9 ते 12 मिलिसेकंदांत पुन्हा दाबल्याची नोंद. मी जीव खाऊन दोनदा दाबलं तरी 80च्या खाली जात नाही. म्हणजे बटणाखालच्या स्विचमधली पत्तीच थरथरतेय. उबुंटूची माफी मागितली.

सर्व्हिसवाले म्हणाले, 'विंडोजवर चालवून व्हिडिओ पाठवा.' शिवाय कुरियर माझ्या खर्चाने. राहू दे म्हटलं.

जीनोमच्या (उबुंटूच्या डेस्कटॉपच्या) ॲक्सेसिबिलिटीत 'बाउन्स कीज' आहे: तेच बटण ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबलं गेलं तर ते धरायचं नाही. चालू केलं, तर 'अण्णा' (aNNaa) लिहिताना 'अण' एवढंच उरायचं! कारण मुळातली मर्यादा 300 मिलिसेकंदांची. टर्मिनलमधून जीसेटिंग्ज या कमांडने ती मर्यादा (बाउन्सकीज-डिले) 40 केली आणि सगळं सुतासारखं सरळ. फुकटात! पाच तारे द्यायला निघालोच होतो.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि तो पासवर्ड विचारला जातो तेव्हा जीनोमचा पत्ताच नसतो. माझ्या पासवर्डात तीन 'ए'. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन टाइप करायचो. हाच दुसरा 'ए' गाळणारी पायथनची एक स्क्रिप्टही मिळाली, सिस्टमडीतून (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) चालणारी. पण तीही डिस्क उघडल्यावरच जागी होणार.

शेवटी खोक्यातला तो तारेचा चिमटा आठवला. बटणांच्या टोप्या काढायचा समजून ठेवून दिला होता. तो स्विच उपटायचा निघाला. हा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच डागकामाशिवाय काढता-घालता येतात, हे खोक्यावर छापलेलं मी चार महिने वाचलंच नव्हतं. नवा स्विच कशाला आणायचा? स्क्रोल लॉक या मी कधीच न वापरणाऱ्या बटणाचा काढून 'ए'ला बसवला, 'ए'चा तिकडे. पिना नाजूक असतात, सरळच दाबा.

तीन महिने झाले, बाउन्स कीज बंद आहे. स्क्रोल लॉक आता दोनदा उमटतो म्हणे. उमटू दे.