घरात दुडुदुडू धावणारं मूल असताना पियानो: डिजिटल घ्यावा की अपराइट?

मूल व्हायच्या आधी पियानो घेताना आपण आवाज बघतो, पट्ट्यांचा स्पर्श बघतो. मूल चालायला लागलं की प्रश्न वेगळे पडतात. झाकण बोटांवर पडेल का? ते झोपल्यावर वाजवता येईल का? मी दोन्ही वापरले आहेत. लेक आठ महिन्यांची असताना वजनदार, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या पट्ट्यांचा चांगला डिजिटल घेतला, आणि ती दोन वर्षांची व्हायच्या आत एक जुना अपराइट, म्हणजे उभ्या पेटीतला तारांचा पियानो, घरात आला. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण डिजिटलनं मला जे दिलं तेही प्रामाणिकपणे सांगतो.

डिजिटल घेण्याचं कारण बहुतेक आईबाबांचं जे असतं तेच होतं: हेडफोन. मूल झोपलं की वाजवायचं. हे खरोखर जमतं. फक्त एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. हेडफोन लावले तरी पट्ट्यांचा ठकठक आवाज राहतोच, आणि तो स्टँडमधून जमिनीत उतरतो. माझ्या लेकीची झोप त्यानं कधी मोडली नाही, पण खालच्या मजल्यावर तो ऐकू जायचा. पायांखाली जाड रबरी चटई घातल्यावर बराच कमी झाला.

माझी खरी अडचण दिवसा सुरू झाली. ती दुपारी झोपली की मी हेडफोन लावून बसायचो, पण ती उठली तर कळायला हवं म्हणून एक कान उघडा ठेवायचो. मग बाहेरचा आवाज आत येऊ देणारे, मागून उघडे असलेले हेडफोन आणले. त्यानं कानाचा प्रश्न सुटला. तिचा सुटला नाही. ती उठून यायची, माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहायची आणि हात वर करून एक पट्टी दाबायची. आवाज नाही. माझ्याकडे बघायची. पुन्हा दाबायची, मग दोन्ही तळव्यांनी एकदम. तरी आवाज नाही. शेवटी वायर ओढायची, नाहीतर निघून जायची. संगीत सगळं माझ्या कानात होतं. तिला दिसत होता तो एका मुक्या फळीवर बोटं आपटणारा बाबा, आणि हाक मारली तर उशिरा वळून बघणारा. हे दृश्य मला आजही टोचतं, आणि माझा निर्णय त्यावरच झाला.

हेडफोन काढून स्पीकरवर वाजवता येतंच, मीही तेच करू लागलो. पण मग बटणं आली. लहान मुलाला पट्टीपेक्षा बटण जवळचं वाटतं, कारण बटणाला दिवा असतो. एकदा मी नेहमीचा सराव सुरू केला तर सगळंच अर्धा स्वर वर लागत होतं. कानाला खटकत होतं, पण कारण सापडायला वेळ गेला. तिनं स्वर वर-खाली सरकवण्याचं बटण दाबून ठेवलं होतं. दुसरं एक बटण दाबलं की आख्खी धून आपोआप वाजते हे तिला कळल्यावर तर पट्ट्यांतला तिचा रसच गेला. बटणं कुलूपबंद करण्याची सोय असलेलं मॉडेल घेतलंत आणि ते कुलूप पियानो बंद करून चालू केल्यावरही टिकत असेल, तर हा त्रास तुम्हाला बहुधा होणार नाही. माझ्याकडे ते दर वेळी नव्यानं लावावं लागे.

अपराइटची पट्टी कधीही दाबा, ती बोलते. मी वरचं झाकण उघडून समोरची फळी काढली आणि तिला कडेवर घेऊन आतल्या हातोड्या दाखवल्या. आठवड्याभरात तिचा एक खेळ सुरू झाला. स्टुलावर मी धरून उभी केली की एका बोटानं पट्टी इतकी हळू दाबायची की हातोडी वर जाते आणि तारेला न लागता परत येते. मग तीच पट्टी जोरात. आतली गंमत अशी की तारेच्या अगदी जवळ पोचल्यावर यंत्रणा हातोडीला सोडून देते, शेवटचं अंतर ती स्वतःच्या वेगावर जाते. वेगच नसेल तर ती पोचत नाही. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये वाद्यं बनवणाऱ्या क्रिस्तोफोरीनं पियानो घडवला तेव्हा वाद्याच्या नावातच हळू (पियानो) आणि मोठा (फोर्ते) हे दोन्ही शब्द आले. माझ्या लेकीला ते कुणी न शिकवता सापडलं. डिजिटलमध्येही हळू दाबल्यावर आवाज येत नाही, पण हातोडी दिसत नाही, आणि घरात मूल आहे म्हणून आवाज कमी ठेवला की हळू-मोठ्यातलं अंतरही कमी होतं. वर्षभरात माझी बोटं त्यामुळे जड झाली होती. खऱ्या पियानोवर बसलो की सगळंच जोरात लागायचं.

आता अपराइटच्या कटकटी. वर्षातून दोनदा ट्यूनिंग करावं लागतं. वजन २०० किलोच्या पुढे जातं, आणि ते बरंचसं मागच्या बाजूला असल्यामुळे भिंतीला लागूनच ठेवा, मूल आसपास असताना हलवू नका. जुन्यांचं पट्ट्यांवरचं झाकण धाडकन पडतं. मी सावकाश मिटणारी बिजागरी बसवून घेतली. ती येईपर्यंत दोन्ही कोपऱ्यांना नमद्याचे (फेल्टचे) जाड तुकडे चिकटवले होते. (डिजिटल घेणार असाल तर कैचीसारख्या दुमडत्या स्टँडवर ठेवू नका, मूल ओढतंच.) एकदा कोड्याचा प्लास्टिकचा तुकडा दोन पट्ट्यांच्या मधून आत गेला, ट्यूनरनं पट्ट्यांसमोरची लाकडी फळी उघडून तो दहा मिनिटांत काढून दिला. पाणी मात्र दोघांनाही सोसत नाही.

आवाजाचं काय? बऱ्याच अपराइटना मधलं पेडल असतं. ते दाबून बाजूला अडकवलं की हातोड्या आणि तारांच्या मधे नमद्याची पट्टी उतरते. आवाज खूप दबतो, स्पर्श थोडा बोथट होतो. दार लावून दुपारच्या झोपेत वाजवायला मला ते पुरतं, रात्री अकराला पुरत नाही. यामाहानं १९९३ मध्ये आणलेल्या सायलेंट पियानोसारखा, हातोड्या तारेआधी अडवून हेडफोनमध्ये आवाज देणारा अपराइटही मिळतो. रात्रीसाठी उत्तम, दिवसा मात्र हेडफोन काढूनच वाजवा.

तुम्हाला वाजवायला फक्त रात्रच मिळत असेल, भिंती पातळ असतील किंवा दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलत असाल, तर डिजिटलच घ्या, तो योग्य निर्णय असेल. दिवसाचा अर्धा तास जरी मुलाच्या सोबतीनं मिळत असेल, तर मी अपराइटकडे वळेन. बघायला जाल तेव्हा मधलं पेडल स्वतः दाबून वाजवा. काही पियानोंत ते फक्त खालच्या सप्तकांचे स्वर धरून ठेवतं, नमदा नसतोच. झाकण अर्ध्यावरून सोडून बघा, आणि वरची फळी काढून मुलालाही आत बघू द्या.