साडेतीन इंची ड्राइव्हला साडेतीन तारे

जुन्या फ्लॉप्या वाचायला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, 1,400 रुपयांना. कंपनीचं नाव खोक्यावर नाही, ड्राइव्हवर नाही, सोबत आलेल्या चिटोऱ्यावरही नाही. वायर जेमतेम वीतभर. सीपीयू टेबलाखाली असेल तर हा लोंबकळत राहणार. मी आंब्याची जुनी लाकडी पेटी उपडी घातली आणि तिच्यावर बसवला. वायरीचा अर्धा तारा इथेच कापला.

विंडोज 10 ला जोडल्यावर काही घालावं लागलं नाही, ‘ए’ ड्राइव्ह आपोआप उगवला. मुलगी म्हणाली, “बाबा, सीच्या आधी खरंच काही होतं?” होतं गो. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले, म्हणून हार्डडिस्क सीपासून.

आता खरी गोष्ट. घर देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. 1997 साली कुडाळहून 486 कॉम्प्युटर असेंबल करून आणला, तेव्हा फ्लॉप्या कपाटात ठेवून, ओल धरू नये म्हणून आत 40 वॅटचा दिवा जळता ठेवायचो. पुढे सीडी आल्या, दिवा गेला आणि 34 फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यातून माळ्यावर गेल्या. वीसेक पावसाळे त्यांनी तिथे काढले.

हौसेच्या भरात पहिलीच फ्लॉपी न बघता घातली. खर्र, टक, खर्र. मग दुसरी, चांगली दिसणारी. तीही वाचेना. ड्राइव्हच बोगस म्हणून परत पाठवणार होतो. नंतर फ्लॉपीचा पत्रा सरकवून पाहिलं तर चकतीवर पांढरे ठिपके, बुरशी. ती ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला चिकटली आणि दुसऱ्या फ्लॉपीवर गोल ओरखडा पडला. त्या दुसरीत काय होतं ते आता कळायचं नाही. दोष ड्राइव्हचा नाही, माझा. घेणाऱ्यांनी एवढं करा: आधी पत्रा सरकवून, मागचं चाक बोटाने फिरवत पूर्ण चकती उजेडात बघा. ठिपका दिसला तर ती बाजूला. कोपऱ्यातली खिट्टी भोक उघडं राहील अशी सरकवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. मी स्क्रू काढून पुसलं, मग गाडी चालू झाली. अख्खी फ्लॉपी उतरायला मिनीटभर लागतो.

सव्वापाच इंची फ्लॉपी यात जात नाही, हे मागवण्यापूर्वीच समजून घ्या. आमच्याकडे तसल्या दोनच, शोभेला राहतील.

हिशेब सांगतो. 19 पूर्ण उतरल्या, 6 अर्ध्यामुर्ध्या, 9 गेल्या. गेलेल्यांत एका गेमच्या पाच फ्लॉप्यांपैकी चौथी आहे. ती तेव्हाही गेलेलीच होती. कोल्हापूरच्या मित्राने एआरजे या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅमने तुकडे करून दिलेला गेम, मी एसटीने फोंडा घाट उतरून घरी आणला आणि चौथीला ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल?’. रीट्राय दाबून दाबून आर घासला होता. पाचवी मात्र आजही ठणठणीत वाचली. तिचं काय करू?

मराठी फाइल उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, ज्याचा त्याचा वेगळा. तो फॉन्ट मिळेपर्यंत चुलतभावाची लग्नपत्रिका वाचता येणार नाही. लग्न टिकलंय, चिंता नाही.

मला हवी होती ती फाइल सतराव्या फ्लॉपीत मिळाली. आप्पांचा 1998 च्या आंब्याच्या हंगामाचा हिशेब, लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधला. मी टाइप केलेला, रोमन लिपीत म्हणून वाचला. लिबरऑफिसने तक्रार न करता उघडला. तारीख, पेट्या, किती डझनी, गाडीभाडं, हमाली आणि पट्टी, म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब. फाइल भरते किती तर 11 केबी. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत असे शंभर हंगाम मावले असते.

प्रिंट काढून आप्पांना दिला. वय 83, चष्मा कपाळावर. कागद लांब धरून त्यांनी वरून खाली बोट फिरवलं आणि मे महिन्याच्या एका ओळीवर थांबवलं. पट्टीचा रकाना रिकामा.

“ह्या वाशीच्या दलालाक फोन लाव,” म्हणाले. “सात पेट्यांचे पैशे अजून येवक नाय.”