जुनी गाडी रात्री दिसावी म्हणून: मॉरिस मायनरवर केलेले बदल आणि काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, तपशील मागून. रात्री इतरांना गाडी दिसावी म्हणून जे जे केलं, त्यात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अर्थिंगच्या नव्या वायरींचा आणि मागच्या काचेत बसवलेल्या तिसऱ्या ब्रेकलाइटचा. ज्यांच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात ते एलईडी बल्ब त्यानंतर येतात, आणि तेही नीट पारखून घेतले तरच.

गाडी मॉरिस मायनर १०००, म्हणजे छोटी जुनी ब्रिटिश कार, साठच्या दशकाच्या शेवटची. १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं), वीज तयार करणारा लुकासचा २२ अँपिअरचा डायनॅमो, आणि अख्ख्या गाडीला मिळून दोन फ्यूज. हेडलाइटला मूळ वायरिंगमध्ये फ्यूजच नाही. हेडलाइट, टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि वायपर चालू असताना ब्रेक दाबला की २१ वॅटचे आणखी दोन बल्ब त्यात येतात आणि डायनॅमोकडे फारसं काही शिल्लक राहत नाही. गाडी थांबून इंजिन आयडलवर आलं की तो तर जवळपास काहीच देत नाही, सगळं बॅटरीवर. म्हणजे आपण थांबलोय, मागून कुणीतरी वेगात येतंय, आणि नेमके त्याच वेळी आपले दिवे सगळ्यात मंद.

त्यात हल्लीच्या गाड्यांचे मागचे दिवे मोठे, उंचावर आणि लखलखीत. त्यांची सवय झालेल्या डोळ्यांना मायनरचे दोन छोटे, खाली बसवलेले लाल ठिपके पटकन जाणवत नाहीत. गाडीही अरुंद. दोन दिव्यांमधलं अंतर कमी दिसलं की ती आहे त्यापेक्षा लांब आहे असं वाटतं, असा माझा तरी समज आहे.

पहिलं काम मल्टिमीटरने केलं. दिवे लावून बॅटरीवरचं व्होल्टेज पाहिलं आणि मग मागच्या होल्डरमधलं. दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच गळत होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. बल्ब ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, आणि दिवा मात्र आजारी. कारण जुन्या गाडीत दिव्याची अर्थ दिव्याच्या धातूच्या कवचातून, स्क्रूतून, पत्र्यातून जाते आणि त्या प्रत्येक सांध्यावर अनेक दशकांचा गंज आणि रंगाचे थर असतात. प्रत्येक होल्डरपासून वेगळी अर्थ वायर काढली, चारी कोपऱ्यांवर, आणि ती पत्रा घासून स्वच्छ केलेल्या जागी बोल्टने आवळली. होल्डरमधल्या पितळी टोकांना बारीक पॉलिश पेपर मारला. दिव्यांच्या आतला भाग काळवंडला होता, त्याला चकचकीत चंदेरी रंग दिला. लाल काचा, म्हणजे खरं तर प्लास्टिकच, पण आपण काचच म्हणतो, उन्हाने पांढुरक्या पडल्या होत्या त्या बदलल्या. एवढं झाल्यावर जुन्याच बल्बवर गाडी मागून ओळखू येईना इतकी बदलली. एलईडीचं नावही न काढता. कुणाला एकच काम करायचं असेल तर हे करा.

आता एलईडी. पहिली जोडी आणली ती मागवताना ‘पॉझिटिव्ह अर्थसाठी चालेल’ असं लिहिलेली होती आणि चाललीही. एलईडीला उलटसुलट धन-ऋण चालत नाही, त्यामुळे हे बघून घेणं फार महत्त्वाचं; निगेटिव्ह अर्थचा बल्ब लावला तर तो बहुधा पेटतच नाही. त्या जोडीचा प्रश्न वेगळाच निघाला. टेललाइट इतका प्रखर होता की ब्रेक दाबल्यावर होणारा फरक मागच्याला कळेना. एक मित्र त्याच्या गाडीने मागे आला होता, त्याने फोन करून विचारलं, “ब्रेक मारतोयस की नाही? मला सारखं लालच दिसतंय.” आपल्या गाड्यांत टेल आणि ब्रेक एकाच काचेमागे असतात, त्यामुळे नुसता उजेड कामाचा नाही, दोन्हींतला फरक कामाचा. अमेरिकी नियमांत अशा एकाच कप्प्यातल्या दिव्यासाठी ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाच पट असावा असं बंधन आहे, आणि ते का आहे हे त्या फोनवर समजलं. दुसऱ्या उत्पादकाची जोडी घेतली, तिच्यात टेल मुद्दाम मंद ठेवलेला आहे. ती अजून गाडीवर आहे.

बल्ब निवडताना आणखी दोन गोष्टी. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या, पिवळ्यामागे पिवळा. पांढरा एलईडी लाल काचेमागे फिकट, गुलाबीकडे झुकणारा दिसतो. फिलामेंटच्या उजेडात लाल भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत तो कमी असतो. आणि नुसते टोकाला दिवे असलेले बल्ब टाळा. दिव्याच्या आतला परावर्तक भाग बाजूने पडणाऱ्या उजेडासाठी बनवलेला आहे; बाजूने उजेड नसेल तर मधोमध एक तीक्ष्ण ठिपका दिसतो आणि तिरकं पाहणाऱ्याला तोही नाही.

एलईडीचा खरा फायदा मला उजेडात नाही, वेळात वाटला. फिलामेंटला पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी ८० किलोमीटरला एवढ्या वेळात मागची गाडी साडेचार मीटरच्या आसपास पुढे आलेली असते. पण इथे मायनरची आणखी एक खोड मध्ये येते: ब्रेकलाइटचा स्विच हायड्रॉलिक आहे, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब चढल्यावरच तो चालतो. जुना झाला की पेडल चांगलं दाबेपर्यंत दिवा लागत नाही. मी पेडलपाशी साधा यांत्रिक स्विच बसवून घेतला. पाय टेकला की दिवा. फिलामेंटच्या बल्बांवरही हा बदल करण्याजोगा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत का नाही ते मला समजत नाही.

इंडिकेटर एलईडी केले की मूळ फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, रुसतो. तो बल्बच्या करंटने तापून चालणारा, करंटच नसेल तर तापणार कसा? इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला, तोही पॉझिटिव्ह अर्थचा. सोबत हॅझर्डचा, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारा स्विच जोडून घेतला, कारण मूळ गाडीत तो नाही. टिकटिक आवाज गेला, त्याची चुटपुट आहे.

तिसऱ्या ब्रेकलाइटवरून जुन्या गाड्यांच्या मंडळींत वाद होतात. शुद्धतावाद्यांना तो डोळ्यांत खुपतो. माझा युक्तिवाद साधा आहे: हा दिवा टेलचं काम करत नाही, त्यामुळे तो पेटला म्हणजे ब्रेकच. शिवाय तो उंचावर असल्यामुळे मागच्या गाडीच्या काचांतून तिच्याही मागच्याला दिसतो. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या कारना तो सक्तीचा झाला, आणि तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या दीर्घकालीन अभ्यासात मागून होणाऱ्या धडका त्यामुळे ४.३ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. आकडा लहान दिसतो, पण एका पट्टीच्या मानाने मला तो भरपूर वाटतो. मी काचेच्या आतून रबरी कपांनी चिकटणारी बारीक एलईडी पट्टी घेतली, प्रदर्शनाच्या दिवशी दोन मिनिटांत काढता येते. पट्टीभोवती काळ्या रबराचा आडोसा लागतोच, नाहीतर तिचा उजेड काचेवरून परतून आरशात येतो आणि आपल्याच डोळ्यांना त्रास.

पुढच्या बाजूला मी एलईडीच्या फंदात पडलो नाही. जुन्या परावर्तकात एच-४ च्या (हेडलाइटच्या एका प्रचलित हॅलोजन बल्बच्या) आकाराचा एलईडी घातला की उजेडाची कापलेली रेघ विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. पुष्कळ देशांत ते कायद्यातही बसत नाही. सात इंची सीलबीमच्या (काच, परावर्तक आणि फिलामेंट एकाच बंद डब्यात असलेल्या दिव्याच्या) जागी ६०/५५ वॅटचे हॅलोजन युनिट आणि दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक डिपरसाठी आणि एक हायबीमसाठी, प्रत्येकाला फ्यूजसकट. आता डॅशबोर्डवरच्या म्हाताऱ्या स्विचमधून फक्त रिलेपुरता करंट जातो. काच घेताना आपल्याकडे रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाड्या चालतात त्याप्रमाणेच घ्या. डिपरचा उजेड एका बाजूला वर चढलेला असतो, उलट बाजूची काच आली तर तो सरळ समोरच्याच्या तोंडावर. मागे एलईडी करून जे वॅट वाचले ते इथे कामी आले. ही दोन कामं एकत्र करण्याचं कारण तेच.

परावर्तक पट्ट्यांबद्दल थोडंच. वीज अजिबात न वापरता चालणारी ही एकमेव गोष्ट, त्यामुळे बॅटरी मेलेल्या गाडीसाठी हिला पर्याय नाही. मागे लाल आणि दाराच्या आतल्या कडेला लाल, दार उघडलं की मागच्याला दिसेल अशी. पुढे लाल कधीच नाही. बाहेरच्या पट्ट्या मी चुंबकी शीटवर चिकटवल्या आहेत, रात्रीच्या प्रवासापुरत्या लावतो. खालची धूळ पुसल्याशिवाय लावल्या तर रंगावर ओरखडे येतात. चिखल उडाला की त्यांचा उपयोग संपतो, म्हणून फडकं सोबत ठेवतो.

काही महिन्यांच्या वापरात ज्या कुरबुरी झाल्या त्या अशा. एका टेललाइटमध्ये पावसाळी हवेत बाष्प धरायला लागलं. पूर्वीही धरत असणार, पण फिलामेंटच्या उष्णतेने ते सुकून जायचं. एलईडी थंड, त्यामुळे पाणी तिथेच राहिलं आणि बल्बच्या टोकांवर हिरवा गंज चढला. रबरी गॅस्केट नवे घातले, आता ठीक. बर्फ पडतो तिथल्या लोकांनीही हे लक्षात घ्यावं: काचेवर बसलेला बर्फ एलईडी वितळवत नाही. एका इंडिकेटरच्या बल्बमधले निम्मे ठिपके गेले, तो बदलला. स्वस्तातल्या बल्बमधल्या सर्किटमुळे एएम रेडिओवर सतत किरकिर यायची, ब्रेक दाबला की आणखी मोठी. बल्ब बदलल्यावर गेली. अर्थच्या नव्या वायरींचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घेतले, तेवढंच.

रिअर फॉगलाइट, म्हणजे धुक्यात लावायचा मागचा प्रखर लाल दिवा, अजून बसवलेला नाही. त्याचा उजेड ब्रेकलाइटच्या तोडीचा असतो, म्हणून दोहोंत निदान १०० मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर मागच्याचा पुन्हा तोच गोंधळ. बंपरखाली एका बाजूला जागा आहे, पण तिथे सायलेन्सरचा पाइप जवळ येतो. दुसऱ्या बाजूला कंस बनवून घ्यावा लागेल. स्विच वेगळा ठेवणार, हेडलाइट बंद झाले की आपोआप विझेल असा, कारण धुकं गेल्यावर तो बंद करायचा राहून जातो.