बसून ध्यान की चालत?

छातीत धडधड सुरू झाली की डोळे मिटून बसणं मला जमत नाही. विचार आणखीच घेरतात. परभणीत घरामागच्या मोकळ्या जागेत भल्या पहाटे वीसेक पावलांची येरझार घालते, ती मात्र लागू पडते. टाच टेकली, तळवा टेकला, बोटं उचलली, लक्ष तेवढ्यावरच. काळ्या मातीचा गारवा अनवाणी पायाला लागतो, मन तिथंच रेंगाळतं. भटकलं की पुन्हा टाचेवर आणायचं, स्वतःवर न चिडता. बौद्ध परंपरेत यालाच चंक्रमण म्हणतात. वैशाखात मात्र उन्हं चढायच्या आत उरकावं, नंतर जमीन पोळते.

गुडघे धरले असतील तर बसूनच बरं, श्वासावर लक्ष ठेवून. रात्री झोपण्याआधी मीही बसते. पण काळजीनं पोटात गोळा आला, की आधी चप्पल काढून चालायलाच लागते.