बिलावर दोनदा ‘एकूण’: जुना कोल्डफ्यूजन कोड ल्युसीवर

कोल्डफ्यूजनचं नाव काढलं की दोनच प्रश्न येतात: “ते काय असतं?” किंवा “ते अजून आहे?” वेबसाइट बनवायची आणि चालवायची ती एक जुनी व्यवस्था. अजून आहे, आणि माझं पोट त्यावरच चालतं. त्या कोडच्या तीनेकशे सीएफएम फायली, निम्म्या माझ्याआधीच्या माणसानं लिहिलेल्या, कॉमेंटचा पत्ता नाही. गेल्या वर्षी हा सगळा संसार ल्युसी या ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि खुल्या, इंजिनावर हलवला; इंजिन म्हणजे हा कोड वाचून पानं तयार करणारा प्रोग्रॅम. वर्षभर वापरून झालंय, म्हणून लिहितेय.

फुकटच्या वस्तूचं घराणं आधी विचारावं. कोल्डफ्यूजन १९९५चं, अलेअर बंधूंचं. तिथून ते मॅक्रोमीडियाकडे आणि मग अडोबीकडे गेलं. कोल्डफ्यूजनचा कोड ज्या सीएफएमएल भाषेत लिहितात, तिच्यासाठीच स्वित्झर्लंडमध्ये रेलो नावाचं दुसरं इंजिन तयार झालं, तेही विकतचंच. २००९मध्ये ३.१ आवृत्तीपासून ते एलजीपीएल परवान्याखाली खुलं झालं. ब्लूड्रॅगन हे आणखी एक विकतचं इंजिन, त्याची खुली आवृत्ती वर्षभर आधीच आली होती. रेलोच्या कोडमधून फांदी फुटून २०१५मध्ये ल्युसी निघालं. एलजीपीएल म्हणजे काय, हे मला साहेबांना तीनदा समजवावं लागलं: आपलं ॲप्लिकेशन आपलंच राहतं. इंजिनात बदल करून ते दुसऱ्याला दिलं, तरच ते बदल उघडे करावे लागतात.

पैसे वाचले हे खरं, पण मला त्याहून मोठा फरक पडला तो सर्व्हरच्या मांडणीत. आधी परवाना मोजून मिळायचा, म्हणून आम्ही पाच साइट एकाच सर्व्हरवर कोंबल्या होत्या. एकीच्या रिपोर्टनं मेमरी खाल्ली की पाचही आडव्या. आता प्रत्येकीचं इंजिन वेगळं. रात्री फोन वाजला तर एकाच साइटसाठी वाजतो.

बसवणं सोपं आहे. ॲडमिन पानावर पहिल्यांदा गेल्यावर मात्र पासवर्ड ठरवायची चौकट येत नाही. आधी सर्व्हरच्या फोल्डरमध्ये पासवर्ड डॉट टीएक्सटी नावाची फाइल ठेवा, असं सांगितलं जातं. अर्धा तास मी चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवत होते. कमांडबॉक्स मात्र जरूर घ्या, आपल्याच मशीनवर हवं ते इंजिन एका कमांडनं सुरू करून देणारं साधन. एका टर्मिनलमध्ये जुनं इंजिन, दुसऱ्यात ल्युसी, कोड तोच, आणि दोन्ही पानं शेजारीशेजारी उघडून बघायची.

तरी एक गोष्ट निसटलीच. बिलाच्या ओळी एका ॲरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या यादीत, असतात. त्यांची बेरीज करून शेवटी ‘एकूण’ची ओळ जोडणारं एक फंक्शन होतं. ते दोनदा चालायचं: एकदा स्क्रीनवर बिल दाखवताना, एकदा ईमेल पाठवताना. जुन्या इंजिनात फंक्शनला ॲरेची प्रत मिळायची, त्यामुळे मूळ यादी शाबूत. ल्युसी मूळ ॲरेच हातात देतं. परिणामी स्क्रीनवर बिल बरोबर आणि ईमेलमध्ये ‘एकूण’ दोनदा, दुसरी रक्कम पहिलीच्या बरोबर दुप्पट! एका ग्राहकानं अगदी शांतपणे विचारलं, “यातलं कुठलं भरू?” फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीला ‘डुप्लिकेट’ टाकून प्रत करून घेतली, एका ओळीत काम झालं. त्या ओळीपर्यंत पोचायला दोन दिवस गेले. खरं तर ल्युसीचं वागणंच मला जास्त पटतं, आणि अडोबीनंही २०१६च्या आवृत्तीत ॲरे तसाच पाठवायची सोय दिलीय. पण ज्यांचा कोड पंधरा वर्षांचा आहे त्यांनी आधी ॲरे घेणारं प्रत्येक फंक्शन शोधून काढावं.

डेटाबेसचं काम निमूटपणे झालं. क्वेरीपॅरॅम (क्वेरीत किमती सुरक्षितपणे घालायचे टॅग) होते तसे चालले, डेटाबेसशी जोडणारे ड्रायव्हर एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी पुरवणी, म्हणून येतात.

पीडीएफचं प्रकरण वेगळं. एचटीएमएलचं पीडीएफ करणारा सीएफडॉक्युमेंट हा टॅग ल्युसीतही आहे, एक्स्टेन्शनमधून. पण आमच्या प्रमाणपत्रांचे समास सरकले आणि सहीची रेघ दुसऱ्या पानावर गेली. आमचं एचटीएमएलही धड नव्हतं, टेबलात टेबल, अर्धे टॅग बंदच केलेले नाहीत. नव्यानं लिहायला हवं. तोवर प्रमाणपत्रांची एक साइट जुन्याच इंजिनावर आहे, एकटी. तिचा परवाना आम्ही अजून भरतो.